पाऊस वर पडलाय, पाणी अजून यायचंय

सांगलीत पावसाळ्यात दोन आकडे पोराटोरांनाही पाठ असतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. आमच्या घरी त्याशिवाय एक फोन असायचा. झड लागली की वडील कराडच्या काकांना विचारायचे, "तिकडं कसा आहे पाऊस? कोयनेतनं किती सोडलंय?" कधीकधी त्या वेळी आमच्या अंगणात लख्ख ऊन पडलेलं असे. तरी फोन ठेवल्या ठेवल्या आई धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घ्यायची. पाणी दारात यायला अवकाश असे, पण ते निघालेलं असे.

२०१९ च्या ऑगस्टमध्येही फोन झाला होता आणि सामान वर चढवलं होतं. किती वर? भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती, तिच्यावर हातभर. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि हातभर वर ठेवलेलं सगळं बुडालं.

सरकारं येणाऱ्या काळाची तयारी कशी करतात याबद्दल वाचायला लागल्यापासून कराडचा फोन आणि भिंतीवरची खूण या दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. इंग्रजीत या कामाला 'फोरसाइट' म्हणतात. आपण भविष्यवेध म्हणू. शब्द ज्योतिषाच्या वाटेचा वाटला, तरी कामाचा भविष्य सांगण्याशी संबंध नाही. वर पाऊस कुठे पडून गेलाय हे हुडकायचं, खाली काय काय होऊ शकतं याची वेगवेगळी चित्रं मांडायची, आणि ती चित्रं समोर ठेवून आजचे निर्णय तपासायचे, एवढंच ते आहे.

नदीची ही उपमा माझी एकट्याची नाही. शेल या तेल कंपनीत भविष्यातल्या शक्यतांचा अभ्यास करणारे पिएर वॅक नावाचे फ्रेंच गृहस्थ होते. त्यांनी गंगेचं उदाहरण दिलं होतं : वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला, की काही दिवसांत ऋषिकेशला, मग अलाहाबादला, मग बनारसला पूर येणार हे खात्रीनं सांगता येतं. त्यात भाकीत कसलं? घडून गेलेल्या गोष्टीचा परिणाम फक्त अजून पोचायचा असतो.

१९७० च्या सुमारास तेल स्वस्त होतं आणि स्वस्तच राहणार असं जवळजवळ सगळे धरून चालले होते. वॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या अंगाला पाहिलं. अमेरिकेचं तेलउत्पादन १९७० साली कळसाला पोचून उतरणीला लागलं होतं. मागणी वाढत होती. आणि सौदी अरेबियासारख्या कमी लोकवस्तीच्या देशांना मिळणारा पैसा खर्च करायलाच जागा नव्हती. मग ते जास्त तेल का काढतील? बँकेतल्या पैशापेक्षा जमिनीतलं तेल अधिक सुरक्षित. म्हणजे भाव उसळायचा पाऊस पडून गेला होता. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, तेलबंदी आली आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप जानेवारी १९७४ मध्ये अकरा डॉलरच्या वर गेलं. युद्ध कोणत्या महिन्यात होईल हे शेलमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

वॅक यांचा दुसरा धडा मला अधिक मोलाचा वाटतो. नुसती माहिती देऊन साहेब लोकांचे निर्णय बदलत नाहीत, हे त्यांना पहिल्याच फेरीत कळलं. माणसाच्या डोक्यात जगाचं एक चित्र बसलेलं असतं आणि नवी माहिती त्या चित्रात बसत नसेल तर तो ती बाजूला सारतो. आमच्या घरी तेच झालं. "यंदा जास्त आहे," असं काका म्हणाले होते, पण आमच्या डोक्यात 'जास्त'चा अर्थ २००५ ची खूण हाच होता.

म्हणून भविष्यवेधात एकच अंदाज मांडत नाहीत, तीन-चार वेगळी चित्रं मांडतात. सिनॅरिओ म्हणतात ते हेच. प्रत्येक चित्र खरं वाटेल इतकं तपशीलवार असावं लागतं आणि त्यातलं निदान एक तरी ऐकणाऱ्याला अस्वस्थ करणारं असावं लागतं. मग प्रत्येक चित्रात आपली योजना ठेवून पाहायची : तगते का? विदर्भ-मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी सोयाबीनमध्ये तुरीचे तास घालतो, तेव्हा तो हेच करत असतो. पाऊस लवकर संपला तर काय आणि लांबला तर काय, याचं उत्तर त्याला माहीत नसतं. दोन्हींत हाती काहीतरी लागेल अशी मांडणी मात्र त्याला करता येते.

आता एक देश पाहू. फेब्रुवारी १९९० मध्ये नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले, पण दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या खऱ्या निवडणुकीला अजून चार वर्षं होती. वर्णभेदाची राजवट मोडत होती, वाटाघाटी अडत होत्या, रक्त सांडत होतं. १९९१-९२ मध्ये स्टेलनबॉशजवळच्या माँ फ्लूर या ठिकाणी २२ माणसं एकत्र बसली. त्यांत मंडेलांच्या पक्षातले अर्थविषयाचे कार्यकर्ते होते, डावे होते, कामगार संघटनांचे लोक होते, गोरे उद्योजक आणि अभ्यासक होते. काल-परवापर्यंत ही माणसं एकमेकांच्या विरुद्ध उभी होती. चर्चा चालवायला शेलमध्येच काम करणारे अ‍ॅडम कहान आले होते. नियम असा, की काय व्हायला हवं हे बोलायचं नाही. काय होऊ शकतं एवढंच बोलायचं.

त्यातून चार चित्रं उरली आणि त्यांना चार नावं मिळाली. पहिलं शहामृग : गोरं सरकार वाळूत मान खुपसून बसतं आणि तडजोड टाळतं. दुसरं लंगडं बदक : सत्तांतर होतं, पण सगळ्यांना खूष ठेवण्याच्या नादात नवं सरकार काहीच धडपणे करू शकत नाही. तिसरं इकारस, ग्रीक कथेतला मेणाच्या पंखांचा मुलगा : लोकांचं सरकार सत्तेवर येतं, शतकांचा अन्याय पाच वर्षांत धुऊन काढायला खजिना मोकळा सोडतं, काही काळ सगळं झगमगतं आणि मग अर्थव्यवस्था कोसळून ज्या गरिबांसाठी हे केलं तेच आधीपेक्षा खाली जातात. चौथं फ्लेमिंगोंचं, आपल्या रोहित पक्ष्यांचं : उडायला वेळ लागतो, पण थवा उठला की सगळे एकत्र आणि उंच जातात.

यातला इकारस महत्त्वाचा. तो इशारा बाहेरच्या कुणी टीकाकारानं दिला असता तर मंडेलांच्या पक्षात तो झिडकारला गेला असता. इथे तो मांडणाऱ्यांच्या टेबलावर त्यांचीच माणसं होती. त्या बैठकीतले ट्रेव्हर मॅन्युएल १९९६ मध्ये अर्थमंत्री झाले, टीटो म्बोवेनी १९९९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि दोघांनीही तिजोरीला लगाम घातला. त्या धोरणानं बेकारी आणि विषमता हटली नाही, आणि लगाम फार आवळला अशी टीका त्यांच्यावर आजही होते. ती मला चुकीची वाटत नाही. पण नव्या लोकशाहीचा खजिना पहिल्या दशकात बुडाला नाही, हेही तितकंच खरं. १९९२ मध्ये हा अहवाल वर्तमानपत्रासोबत पुरवणी म्हणून वाटला गेला. भविष्याची चर्चा बंद खोलीत ठेवली नाही, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

एकदा बैठक घेणं वेगळं आणि वर्षानुवर्षं चालणारी यंत्रणा उभी करणं वेगळं. यंत्रणेचं सर्वांत ठळक उदाहरण सिंगापूर. १९८० च्या दशकात तिथल्या संरक्षण खात्यानं शेलची पद्धत उचलली. १९९५ मध्ये पंतप्रधानांच्या कार्यालयात सिनॅरिओंसाठी स्वतंत्र विभाग झाला. २००४ पासून जोखमींची टेहळणी करणारा संगणकाधारित कार्यक्रम सुरू झाला आणि २००९ मध्ये 'सेंटर फॉर स्ट्रॅटेजिक फ्युचर्स' हा छोटा गट उभा राहिला. रोजच्या फायलींपासून या गटाला मुद्दाम लांब ठेवलेलं असतं. बारीकसारीक खुणा टिपायच्या आणि खात्यांना नको असलेले प्रश्न विचारायचे, हे त्याचं काम. तिथल्या अधिकाऱ्यांच्या बोलण्यात 'काळा हत्ती' असा शब्द येतो. खोलीत सगळ्यांना दिसतो, कुणी त्याचं नाव काढत नाही, आणि तो उधळला की सगळे म्हणतात, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

सिंगापूरला ही गरज का वाटत असावी, हे त्यांच्या लोकसंख्येच्या गोष्टीतून कळतं. १९७२ पासून 'दोन पुरे'चा प्रचार जोरात होता. तिसऱ्या-चौथ्या बाळंतपणाला रुग्णालयाची फी जास्त, त्या मुलांना शाळाप्रवेशात मागचा क्रमांक. १९७५ च्या सुमारास एका स्त्रीमागे मुलांचं सरासरी प्रमाण २.१ च्या पातळीवर आलं, म्हणजे लोकसंख्या जेमतेम टिकून राहील इतकं. ते पुढे उतरतच गेलं. धोरण मात्र उलटलं १९८७ मध्ये. मधली दहा-बारा वर्षं दवाखान्यातल्या जन्मनोंदी सगळं सांगत होत्या, पण यंत्रणा जुन्या भीतीवर चालत राहिली. १९८७ नंतर 'परवडत असेल तर तीन होऊ द्या' म्हणून सवलती दिल्या, बक्षिसं दिली. २०२३ मध्ये हे प्रमाण ०.९७ होतं. पाणी एकदा उतरलं की ते वर चढवणं किती अवघड असतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

मग त्यांनी प्रश्न फिरवला. जन्मदर वाढलाच नाही असं धरून चाललो तर आज काय करावं लागेल? उत्तर असं, की आहेत त्या माणसांना जास्त वर्षं काम करता यावं आणि कामं बदलली तर नवं शिकता यावं. निवृत्तीचं वय एका फटक्यात न वाढवता पायरीपायरीनं वाढवायचं आणि प्रत्येक पायरी आधीच जाहीर करायची असं ठरलं : जुलै २०२२ पासून ६३, जुलै २०२६ पासून ६४, २०३० पर्यंत ६५. निवृत्तीनंतरही काम करू इच्छिणाऱ्याला पुन्हा कामावर घेण्याची मालकाची जबाबदारी त्याहून पाच वर्षं पुढे. २०१५ मध्ये 'स्किल्सफ्युचर' योजना आली. २५ वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाच्या नावे शिकण्यासाठी ५०० सिंगापूर डॉलर जमा झाले, आणि २०२४ मध्ये चाळिशी गाठलेल्यांना आणखी ४,०००. चाळिशीचाच विचार का? यंत्रं आणि संगणक ज्या वयात माणसाचं काम हिरावतात, त्या वयात घरी मुलांच्या फिया असतात आणि आईवडिलांची औषधं असतात. कारखाना बंद पडल्यावर प्रशिक्षण केंद्र उघडणं हे पूर आल्यावर होडी विकत घेण्यासारखं आहे. गिरणी कामगारांच्या मुंबईला हे वेगळं सांगायला नको.

पण सिंगापूरच्या भिंतीवरही एक खूण होती. २००३ मध्ये सार्सची साथ आली. २३८ जणांना लागण झाली, ३३ दगावले. देश हादरला आणि कामाला लागला. साथीचा धोका किती हे सांगणारे रंग ठरले, साठे झाले आणि २०१९ मध्ये संसर्गजन्य रोगांसाठी ३३० खाटांचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. काही महिन्यांत कोविड आला तेव्हा जग सिंगापूरचं कौतुक करत होतं. एप्रिल २०२० मध्ये स्थलांतरित कामगारांच्या वसतिगृहांत साथ भडकली. भारत आणि बांगलादेशातून आलेली, शहर बांधणारी ही माणसं एकेका खोलीत दहा-वीस अशी राहत होती. २०२० च्या अखेरीपर्यंत देशात नोंदलेल्या सुमारे ५८ हजार रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक त्या वसतिगृहांतले होते. रोग त्यांना आधी दिसला होता, पण त्या खोल्या दिसल्या नव्हत्या. चित्रं रेखाटणाऱ्यांच्या टेबलावर तिथे राहणारा कुणी नव्हता.

भविष्यवेधाचं खरं यश-अपयश मला इथे दिसतं. कुणाला विचारलं, यावर पुष्कळ ठरतं. माँ फ्लूरला विरोधक बोलावले होते म्हणून इकारस सापडला.

दुसरं अपयश याहून साधं आणि जास्त वेळा घडणारं : दिसतं, लिहिलं जातं आणि कपाटात जातं. ब्रिटननं ऑक्टोबर २०१६ मध्ये 'सिग्नस' नावाची तीन दिवसांची रंगीत तालीम घेतली. फ्लूची भयंकर साथ आली तर काय, असा प्रश्न होता. आपली तयारी पुरेशी नाही, हा निष्कर्ष निघाला, आणि शिफारशींमधल्या पुष्कळशा पुढे सरकल्याच नाहीत. कोविडनंतर बसलेल्या सार्वजनिक चौकशीनं जुलै २०२४ च्या पहिल्या अहवालात म्हटलं, की देशानं चुकीच्या साथीची तयारी केली होती. फ्लू ही त्यांची भिंतीवरची खूण होती.

अहवाल कपाटात जाऊ नये म्हणून काय करता येतं? फिनलंडनं कायमची खुर्ची दिली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेजारचा सोव्हिएत संघ कोसळला, त्याच्याशी चालणारा मोठा व्यापार आटला, त्यातच बँकाही अडचणीत आल्या. बेकारी चार वर्षांत सुमारे ३ टक्क्यांवरून १६ च्या वर गेली. त्या होरपळीत, १९९३ मध्ये, संसदेनं 'भविष्य समिती' नेमली. आधी ती तात्पुरती होती, २००० मध्ये कायमची झाली. सगळ्या पक्षांचे मिळून १७ खासदार त्यात असतात. रोजचे कायदे तपासणं हे तिचं मुख्य काम नाही. दर कार्यकाळात सरकारनं संसदेला भविष्याविषयी एक अहवाल द्यायचा आणि या समितीनं त्याला संसदेचं उत्तर तयार करायचं, अशी रीत आहे. या समितीसमोर सरकारच्या बाजूनं बसतात ते स्वतः पंतप्रधान.

त्यात कसली जादू नाही, पण परिणाम खोल आहे. विरोधी बाकांवरच्या खासदारानंही तो अहवाल वाचलेला असतो, त्यावर भांडलेला असतो. सरकार बदललं की सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. चार-पाच वर्षांची नोकरी असलेल्या माणसाला वीस वर्षांपुढचं बघायला लावायचं तर त्याच्या कामाच्या वेळापत्रकातच ते बसवावं लागतं. त्याच्या सदिच्छेवर सोडून भागत नाही.

आपल्याकडे हा विचार अगदीच नवा नाही. डॉ. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली 'टायफॅक' या केंद्र सरकारच्या तंत्रज्ञानविषयक संस्थेनं १९९६ मध्ये 'तंत्रज्ञान दृष्टी २०२०' हे दस्तऐवज तयार केले, तेव्हा देशभरातल्या तज्ज्ञांना विचारलं होतं. पण आपल्या बहुतेक कागदांत एकच चित्र असतं : कुठे पोचायचंय ते. ध्येय हवंच, त्यानं माणसं उभी राहतात. मात्र ध्येयासोबत हेही विचारावं लागतं, की तसं झालं नाही तर काय? त्या दुसऱ्या प्रश्नाला आपल्याकडे नकारघंटा समजतात, याचं मला वाईट वाटतं. माळ्यावर डबे चढवणारी माझी आई निराशावादी नव्हती.

आणि महाराष्ट्रात वर पाऊस पडून गेलाय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात एका स्त्रीमागे मुलांचं सरासरी प्रमाण १.७ आहे, सिंगापूरनं ज्या २.१ वर सावध व्हायला हवं होतं त्याच्या खाली. हे कळायला पाहणीची वाट बघायचीही गरज नाही. आमच्या मूळ गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पट काढा. आज पहिलीत बसलेलं मूल सहा वर्षांपूर्वी जन्मलं, म्हणजे आणखी पंधरा वर्षांनी गावात विशीतले किती असतील याचा वरचा आकडा त्या हजेरीपटावर आजच लिहिलेला आहे. त्यातले पुण्याला किती जातील एवढाच प्रश्न उरतो. दुसरीकडे पेन्शनच्या दिवशी बँकेच्या पायरीवर बसलेली माणसं मोजा. कराडचा फोन म्हणजे हेच.

यातून निघणारे प्रश्न मुंबईतल्या मंत्रालयाचे आहेत, तसे गावाचेही आहेत. कमी पटाची शाळा बंद करायची की तिच्या दोन खोल्यांत म्हाताऱ्यांसाठी दिवसाचं केंद्र चालवायचं? एसटीची पायरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढता येईल इतकी खाली आणायला किती वर्षं लागतील? ऊसतोडीला माणसं मिळेनाशी झाली तर तालुक्याचं पीक कोणतं असेल, आणि यंत्र आलं तर तोडणीवर जगणारी बीडकडची कुटुंबं कुठे जातील?

ग्रामपंचायत दरवर्षी विकास आराखडा करते, तेव्हा ग्रामसभा भरते. मागच्या खेपेला मी होतो. चर्चा मुख्यतः रस्त्याच्या सिमेंटवर चालली होती. मी विचारलं, पंधरा वर्षांनी या रस्त्यावरून कोण चालत असेल? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागं खांबाला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "रस्ता केलासा, चांगलं झालं. पर दवाखान्यापतोर जाताना मधी टेकायला कुठं जागा ठेवलीया?"

ग्रामसेवकांनी वहीत लिहून घेतलं : दवाखान्याच्या वाटेवर दोन कट्टे, सावलीत.